तिनं बसून पाहिलेले दवाखाने

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चिंच फोडायचं. होळी होऊन गेली होती, सकाळचं ऊन अजून ओसरीवर चढलं नव्हतं. ती दगडावर चिंच ठेवून हातोडीनं ठोकायची आणि मी टरफल एका बाजूला, चिंचोके एका बाजूला करायचो. मी जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. हातोडी माझ्या हातात पाहिजे. पण ती द्यायची नाही.

“तुमी विटंवर मारल्यावानी मारताव,” ती म्हणाली. “चिंचोका आतल्या आत फुटतोय. मग गर कचकच लागतोय.”

“मग मार तूच. हात दुखला म्हणून सांगू नको.”

“सांगून तरी काय करणार हाव?”

एवढंच. चाळीस वर्षं एका घरात काढलेली माणसं कामाला बसली की बोलत नाहीत, ठोकल्याचा आवाज पुरतो. अर्धी टोपली झाली तेव्हा तिनं हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, पित्त झाल्यासारखं वाटून राहिलंय. त्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत ती गेली.

आता भेटायला येणारे म्हणतात, लई गुणाची होती. गुणाची होती का नव्हती ते देवाला माहीत. मला माहीत आहे ते एवढंच, की लई इपितर, जगावेगळी बाई होती. तिच्यासारखी दुसरी मी आमच्या भोकर तालुक्यात तर सोडाच, नांदेडपासून लातूरपर्यंत बघितली नाही. हे लिहून ठेवतोय ते तिच्या कौतुकासाठी नाही. मला माझी चूक सांगायची आहे. पण ती कशी होती ते कळल्याशिवाय माझी चूक किती मोठी ते कळणार नाही. मी चौथी शिकलेला आहे, जमेल तसं लिहितो.

तिची एक रीत होती. कोणतीही चीज घ्यायची तर नुसती बघायची नाही, तिच्याजवळ जाऊन बसायचं. म्हैस घ्यायची ठरली तेव्हा मी हदगावच्या बाजारात एक बघून ठेवली, इसारही देणार होतो. ही म्हणाली, “बाजारात म्हैस नटून येती.” अन् गेली त्या माणसाच्या गावाला. संध्याकाळची धार निघेपर्यंत त्याच्या गोठ्यात बसून राहिली. घरी आल्यावर सांगते, “धार काढल्यावर रुसल्यावानी उभी राहती. नको.” पुढं ती म्हैस ज्यानं घेतली त्यानं चार महिन्यांत विकली.

कुकर घ्यायचा तर दुकानात गेली नाही. कुकर असलेल्या तीन बायांच्या घरी जाऊन बसली, प्रत्येकीच्या घरी एक एक जेवण होईपर्यंत. “दुकानात समदं नवंच दिसतंय,” म्हणायची. “दोन साल वापरलेलं बघावं, अन् ते दुसऱ्याच्या घरात बघावं.”

पोरीला लातूरचं स्थळ आलं तेव्हा तर कहर केला. मुलाचं वायर-बल्बचं दुकान होतं. त्याच्या समोर एक शिंप्याचं दुकान. ही फाटकी चोळी घेऊन शिंप्याच्या ओट्यावर सकाळी बसली ती दिवस मावळायला उठली. मी पाहुण्याकडं जीव मुठीत धरून बसलेलो, कुणी ओळखलं तर काय सांगू? आल्यावर म्हणते, “पोरगं बरं हाय. गिऱ्हाईक काही न घेता गेलं तरी मागून शिव्या देत न्हाई.” एवढ्यावर पोरगी दिली. जावई चांगला निघाला. ते कबूल करावं लागतं.

मी चिडायचो. म्हणायचो, “तू काय पोलीस हाईस का?”

“पोलीस बसत न्हाईत. उभे राहतेत.”

आता वयाचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं.

गावच्या शाळेत आधारचं शिबिर लागलं होतं. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती, तिच्या जन्माची कुठं नोंद नव्हती. मशीनवरच्या माणसानं तिला वय विचारलं आणि उत्तर मी दिलं. दहा वर्षं वाढवून दिलं. निराधारचा पगार पासष्टीला सुरू होतो असं ऐकलं होतं. म्हटलं, दहा वर्षं आधी सुरू होईल. माझी तारीख मास्तरांनी शाळेत पक्की लिहून ठेवलेली, तिथं हात घालता येत नव्हता. तिचं कोरंच होतं. मी एकट्यानंच केलं असं नाही. त्या शिबिरात आमच्या गावच्या निम्म्या बाया एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “नवरा बाजूला उभा, अन् मी निराधार?”

“कागदावर गं.”

“अन् तुमच्याहून मोठी?”

“कागदावर मोठी. घरात ल्हानच.”

ते तिनं लक्षात ठेवलं. दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलं की ओसरीवर बसून दोन्ही पाय पुढं काढायची. शेजारपाजारचे उभे असायचे. “कागद बघा अन् वाका,” म्हणायची. “पाच सालानं मोठी हाय मी.” सगळे हसायचे, मीही हसायचो. पंचावन्नाव्या वर्षी तिचा पगार सुरू झाला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, बघ, माझं डोकं.

विम्याचा विषय पोरीनं काढला. तिच्या सासऱ्याला छातीत दुखून लातूरला भरती केलं होतं. त्यांनी आरोग्याचा विमा घेतलेला होता, त्यात सगळं निभावलं. पोरगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुमी दोघं पण घ्या. वय निघून गेल्यावर कुणी देत नसतंय.” मोफत उपचाराचं सरकारी कार्ड आमच्या घरात होतं. ते हिनं डब्यात नीट ठेवलेलं होतं. पण हिचं म्हणणं, सगळी दुखणी काय त्याच्या यादीत नसतात, अन् यादीत नसलेलंच दुखणं आपल्या वाट्याला येणार.

नांदेडचे एक भाई हे काम करायचे. पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेली, आधी औषधाच्या दुकानात होते. चार कंपन्यांची पुस्तकं घेऊन आमच्या ओसरीवर बसले. मी पाणी दिलं. हिनं चहा ठेवला आणि चुलीपासून ऐकत राहिली.

“काका, दोघांचा मिळून एकच घ्या,” भाई म्हणाले. “सस्ता पडतो.”

आतून आवाज. “दोघांचा एक म्हंजी?”

“म्हणजे अम्मा, रक्कम एक. दोघांतून ज्याला लागेल त्याला त्याच्यातून मिळेल.”

“एका ताटात जेवल्यावानी?”

“बराबर!”

“मग नको. एका ताटात बसलं की ह्यांचा हात मोठा हाय. माझं येगळं वाढा.”

भाईंना ठसका लागला. मग ती बाहेरच येऊन बसली आणि त्यांचा तास-दीड तास घेतला. त्यांनी सांगितलं, आधीपासून जे दुखणं असेल त्याला तीन साल थांबावं लागतं.

“म्हंजी सून आणायची अन् तिला सांगायचं, माहेरचं दुखणं तीन साल माहेरीच ठिव.”

त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं. ह्याच्यात म्हणे थांबायचं कमी, पण दवाखान्याच्या खर्चातला पाचवा हिस्सा आपण भरायचा.

“जेवायला बोलवायचं अन् भाजी तुमची आणा म्हणायचं,” ती म्हणाली.

“अम्मा, कंपनीवाल्यांनाच आणून बसवू का तुमच्यासमोर?”

“आणा की. चहा करते.”

शेवटी तिनं पुस्तकं बाजूला सारली. म्हणाली, “भाई, हे समदं तुमी सांगताव ते खरंच असंल. पण हे चालतंय कोणत्या दवाखान्यात, त्याची यादी द्या.” भाईंनी यादी दिली. मी तिला ती तीन वेळा वाचून दाखवली. चौथ्यांदा तिनं मला म्हणून दाखवली. आणि म्हणाली, “बसून येते.”

मला वाटलं एखाद्या ठिकाणी जाईल. ती पुढचे पाच महिने जात होती. आठवड्यातून एक दिवस. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळं मला अडवायला तोंड नव्हतं. भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकायची आणि सकाळच्या गाडीनं नांदेड. नांदेडचे झाले की लातूर, तिथं पोरीकडं दोन दोन दिवस राहायची. दवाखान्यात जाऊन जिथं पेशंटची माणसं बसतात तिथल्या बाकड्यावर बसायचं. काऊंटरवर काही विचारायचं नाही. डॉक्टरला तर नाहीच.

दवाखान्यांची नावं तिला पाठ होती, पण ती आपलीच नावं ठेवायची. एकात काचेच्या पेटीत मासे होते, तो मासोळ्याचा दवाखाना. एक काचेचा. लातूरचा एक लिंबाचा. तो लिंबाचा का, तर तिथल्या वॉचमननं तिला हटकलं होतं.

“आजी, तुमचा पेशंट कोण?”

“आजून ठरला न्हाई.”

त्यानं बाहेर काढली. मग ती दारासमोरच्या कडुलिंबाखाली बसली. तिथं बसलेल्या माणसांकडून तिला आतल्यापेक्षा जास्त कळलं, असं ती सांगायची. हे ‘आजून ठरला न्हाई’ तिनं गावभर सांगितलं आणि लोक पोट धरून हसले. आता ते आठवलं की माझं तोंड कडू होतं.

ती बसून बघत काय होती, ते मला लई उशिरा समजलं. भरती होणाऱ्यांकडं ती बघतच नव्हती. “भरती करताना समदे गोड बोलतेत,” म्हणायची. “सुट्टी कशी देतेत ते बघावं.” कारण डॉक्टर सकाळी सुट्टी द्यायचा, पण कंपनीकडून मंजुरी आल्याशिवाय माणसाला घरी जाता येत नसे. कपडे बदललेले, पिशव्या भरलेल्या, आणि माणसं बाकड्यावर बसून. कुणाची मंजुरी दोन तासांत यायची, कुणाची दिवस मावळला तरी नाही. कोणत्या दवाखान्यात कोणत्या कंपनीचा विमा असलेला माणूस किती वेळ बसला, हे ती धरून ठेवायची. लिहिता येत नव्हतं. घरी आली की स्वयंपाकघराच्या दारामागं कोळशानं मासोळी काढायची, लिंबाचं पान काढायची, त्याच्यापुढं कंपनीची एक खूण, आणि खुणेपुढं रेघा. एका तासाला एक.

एकदा शेवटच्या गाडीनं आली. मी फाट्यावर ताटकळत उभा. उतरल्या उतरल्या ओरडलो. तर म्हणते, “देगलूरकडची एक बाई होती. अर्धं तेलुगू बोलायली, तिथं तिचं कुणाला कळंना. नवऱ्याला सकाळी नऊला सुट्टी झाली, कागद साडेसहाला आला. तिला टाकून कशी येऊ?”

“तुझी कोण लागती ती?”

“बाकड्यावर बाजूला बसली होती.”

घरी जाऊन तिनं दारामागं रेघा मारल्या. मारताना मधेच थांबून भिंतीला हात टेकवला होता. मी म्हटलं, आता दमलीस ना फिरून? ती म्हणाली, चढ होता. आमच्या घरापर्यंत कुठं चढ आहे?

दिवाळीच्या आधी तिनं ठरवलं. दारामागं सगळ्यात कमी रेघा ज्या कंपनीच्या, ती. स्वस्त नव्हती, भाई जिच्यासाठी लागले होते तीही नव्हती. भाई ते दार बघत किती तरी वेळ उभे राहिले. म्हणाले, “अम्मा, मी बारा साल हे काम करून राहिलो. सुट्टीचे तास मोजणारं गिऱ्हाईक पहिलं भेटलं.”

आधी माझा फॉर्म भरला, कारण ती कंपनी पासष्टीपर्यंतच घेत होती आणि मला चौसष्ट होऊन सहा महिने उलटले होते. फॉर्म माझा, पण बोलत ती होती. तंबाखू लिहा. परांचीवरून पडले होते, कंबरंला मार हाय, लिहा. सकाळी खोकतेत, लिहा.

“माझी इज्जत काढायलीस का?” मी म्हटलं.

“खोटं लिहिलं की तिथंच धरतेत. लिंबाखाली एकाचं असंच परत आलेलं बघितलंय मी. बाईला रडू येईना, एवढी घाबरली होती.”

माझं झालं. कंपनीनं तपासण्या केल्या आणि कागद आला. मग भाई तिच्या फॉर्मसाठी आले. तिनं डब्यातून आधार काढून दिलं. भाईंनी चष्मा लावला. कार्ड बघितलं, तिच्याकडं बघितलं, परत कार्ड बघितलं.

“अम्मा, तुम्ही एकोणसत्तर?”

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “ह्यांना इचारा.”

खरं वय एकोणसाठ. मी भाईंना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते “या अल्ला” म्हणाले आणि चष्मा काढला. मग म्हणाले, जास्त वय घेणारी दुसरी कंपनी बघता येईल. हिनं नको म्हटलं. “वय खोटं, अन् बाकीचं खरं खरं लिहायचं? उद्या त्यांनी धरलं तर?” मग भाईंनी रस्ता सांगितला. ज्यानं वय सांगितलं त्यानं तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की मी चुकीचं सांगितलं. त्यावरून जन्माची नोंद, त्यावरून आधार. दोन-तीन महिने जातील, पण होतं.

म्हणजे काम माझं होतं. एक दिवस तहसीलला जायचं, खरं सांगायचं, सही करायची.

मी गेलो नाही.

का गेलो नाही ते लिहितो. पगार बंद होईल ही भीती होती, मागचा परत मागतील हीही होती. पण खरी गोष्ट वेगळी. गावात माझी एक ओळख होती. मी लोकांच्या भिंती ओळंब्यात नाहीत म्हणून पाडायला लावलेला माणूस. सरपंचाच्या भावाचा जिना पाडायला लावला होता. आणि तोच मी तहसीलच्या ओट्यावर, ओळखीच्या चार माणसांत, स्टॅम्पच्या कागदावर लिहून देणार, की मी खोटं बोललो. बायको माझ्यापेक्षा मोठी दाखवली.

ती म्हणाली, “पगार गेला तर जाऊ द्या. चला.”

पहिल्यांदा मी म्हटलं, एका घराचा स्लॅब आहे, तो पडू दे. संक्रांतीनंतर तिनं परत काढलं. म्हटलं, थंडी कमी होऊ दे. तिसऱ्यांदा तिनं तोंडानं विचारलं नाही. सकाळी उठलो तर माझा पांढरा सदरा खाटेवर काढून ठेवलेला. मी म्हटलं, आज साहेब दौऱ्यावर असतात. तिनं सदरा उचलला, घडीचा होता तसाच पेटीत ठेवला. त्यानंतर तिनं विषय काढला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, तेही खरं.

या दिवसांत तिला दम लागायचा. घागर घेऊन दोन वेळा टेकायची. बोलता बोलता थांबायची. मी म्हटलं, चल, तालुक्याला दाखवून येऊ.

“आत्ता न्हाई.”

“काहून?”

“दाखवलं की डॉक्टर कागदावर लिहितोय. लिहिलं की ते आधीचं दुखणं हुतंय. मग तीन साल. आधी माझा इमा हू द्या, मग दाखवू.”

“अन् फॉर्मवर खरं लिहायचं म्हणतीस ना? तवा काय लिहिणार?”

“जे मला म्हाईतच न्हाई ते कसं लिहू? म्हणून म्हाईत करून घ्यायचं न्हाई.”

ह्याला काय म्हणावं? पाच महिने दवाखान्याच्या बाकड्यांवर बसलेली बाई. डॉक्टर तिच्यासमोरून दिवसातून वीस वेळा जायचे. तिनं एकदाही कुणाला हात दाखवला नाही. मासोळ्याच्या दवाखान्यातली एक सिस्टर तिला चहा द्यायची, ती म्हणाली होती, “मावशी, लोकांचं पुसताव, तुमचंच तोंड सुजल्यावानी दिसायलंय, दाखवा की.” हे तिनं मला सांगितलं नाही, पोरीला सांगितलं होतं. हसत सांगितलं म्हणे. एवढं बसून, एवढं मोजून जे शहाणपण तिनं गोळा केलं, तेच तिच्या आड आलं. सरकारी कार्डावर दाखवता आलं असतं. नगद देऊन दाखवता आलं असतं. मी तिला ओढत नेऊ शकत होतो.

आणि तिचा डॉक्टर माझ्या सहीवर अडला होता, हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

चिंच फोडता फोडता ती पित्त म्हणाली तेव्हा मी तिला जिरं चावायला दिलं. ती भिंतीला टेकून बसली. कपाळावर घाम आला, ओसरीवर तर सावली होती. मी शेजारच्याचा ऑटो काढायला लावला. तिला उचलून ठेवली तर वजन लागलं नाही. कधी एवढी हलकी झाली होती? ऑटोत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. फाटा ओलांडला तेव्हा डोळे उघडून म्हणाली, “कुठं नेताव?”

“तालुक्याला. तेच जवळ हाय.”

“तिथं मी बसून बघितलं न्हाई.”

मी म्हटलं, “गप पड.” चाळीस वर्षांत शेवटचं मी हे बोललो. पुढच्या गावाची कमान आली तेव्हा तिचा हात माझ्या हातातून घसरला. तालुक्याला डॉक्टर ऑटोपाशी पळत आले, ऑटोतच बघितलं, माझ्या पाठीवर हात ठेवला. हृदयाचंच असणार, म्हणाले, बरेच दिवसांचं असावं. चार वाजेपर्यंत पोरगी लातूरहून आली. दिवस मावळायच्या आत माती झाली. भाईही आले होते, मातीला हात लावून एका बाजूला उभे होते. माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि चप्पल घातली. पोरगी दारात आडवी आली.

“बाबा, कुठं निघालाव? तिसरा तर होऊ द्या.”

“ग्रामपंचायतीत.”

“आजच काय अडलंय?”

ग्रामसेवक नुकताच येऊन झाडून घेत होता. मला बघून खुर्ची पुढं केली. म्हटलं, मृत्यूची नोंद करायची आहे. तो म्हणाला, “मामा, मी घरी आलो असतो की.” मग त्यानं मशीन चालू केलं, तिचं नाव विचारलं, आधार मागितलं.

“एकोणसत्तर,” तो टाईप करता करता म्हणाला.

“एकोणसाठ.”

“आधारला एकोणसत्तर हाय.”

“ते चुकीचं हाय. बहात्तरच्या दुष्काळात ती मायच्या मागं खडीच्या कामावर जायची. तवा तिचे दुधाचे दात पडायले होते. तू मोज.”

त्यानं बोटांवर मोजलं. मग माझ्याकडं बघितलं. “मामा, मशीन आधारवरचंच घेतंय. अन् खरं सांगू का, आता काय फरक पडतोय? उलट मावशीनं चार साल पगार उचललाय. ह्याच्यातून चौकशी निघाली तर तुमच्यावर येईल.”

“माझ्यावरच येऊ दे. सांगणारा मीच होतो.”

“मग तसं लेखी द्यावं लागंल. वरती पाठवतो, दुरुस्ती करतेत का न्हाई ते त्यांच्यावर.”

“कागद दे.”

त्यानं कोरा कागद दिला. तो लिहून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. मी लिहिलं, माझ्या बायकोचं वय दहा वर्षांनी जास्त मी सांगितलं. तिनं सांगितलं नाही. ती मरताना एकोणसाठ वर्षांची होती. हे मी अक्कल हुशारीनं लिहून देतो. खाली सही केली. कागद त्याच्याकडं सरकवला.

त्यानं वाचला. पोरगा भला आहे. दाराकडं बघून हळूच म्हणाला, “मामा, तारीख ऱ्हायली. मागच्या महिन्याची टाका पाहिजे तर. मावशी असतानाची. दुरुस्तीला बरं पडंल, अन् तुमच्यावर पण बोल येणार न्हाई.”

पेन माझ्याच हातात होता.

“आजची टाकतो,” मी म्हटलं. “उशीर झालाय ते दिसू दे.”